अग्निशमन दल, मुंबई

आग विझविणे, आगीत, पडलेल्या इमारतीत, पुरात वा अन्य दुर्घटनेत अडकलेल्यांची सुटका करणे आणि जखमींना वैद्यकीय उपचार मिळेपर्यंत त्यांचे प्राण टिकवून धरणे, या कामांसाठी बृहन्मुंबई महानगरपालिकेने उभारलेले सुसज्ज व शिस्तबद्ध दल. भारतातील जुन्या व मोठ्या नागरी अग्निशमन दलांत त्याची गणना होते. त्याचे मुख्यालय भायखळा येथे आहे. भारतात अग्निशमन ही प्रामुख्याने राज्यांच्या व स्थानिक संस्थांच्या कक्षेतील सेवा असून, १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानास जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोग्या विषयांत तिचा समावेश करण्यात आला आहे. त्यामुळे एखाद्या शहराचे अग्निशमन दल कसे चालते, हे बव्हंशी त्या शहराच्या नगरप्रशासनावर, रस्त्यांवर, पाणीपुरवठ्यावर आणि इमारतींच्या घडणीवर अवलंबून असते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील आगी विझविण्याचे काम पोलीस खात्याच्या देखरेखीखाली चाले व त्यासाठी घोड्यांनी ओढावयाचे बंब वापरीत. कापसाचा वाढता व्यापार, गिरण्या, लाकडी बांधणीच्या चाळी आणि दाट वस्ती यांमुळे स्वतंत्र व पूर्णवेळ दलाची गरज भासू लागली. त्यानुसार १ एप्रिल १८८७ पासून ही सेवा नगरपालिकेकडे आली आणि लंडनच्या अग्निशमन दलातील डब्ल्यू. निकोल्स यांची प्रमुखपदी नेमणूक झाली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आगीपासून जीवित व वित्त यांचे संरक्षण करणे हे पालिकेचे कर्तव्य ठरले. विसाव्या शतकात घोड्यांची जागा मोटार बंबांनी घेतली.

दलाच्या इतिहासातील सर्वांत भीषण घटना म्हणजे १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत झालेला स्फोट. ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजात सु. १,४०० टन स्फोटके, त्यांच्याच जोडीला कापसाच्या हजारो गासड्या, तेल, लाकूड आणि सोन्याच्या लगडी असा माल होता. दुपारी जहाजाच्या एका कक्षातील कापसाला आग लागल्याचे लक्षात आले. दलाचे जवान ती विझविण्याचा प्रयत्न करीत असतानाच सायंकाळी चारच्या सुमारास पहिला व त्यानंतर सु. अर्ध्या तासाने दुसरा प्रचंड स्फोट झाला. गोदीतील अनेक जहाजे व लगतची वस्ती उद्ध्वस्त झाली आणि शेकडो लोक प्राणास मुकले. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून व १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. स्फोटक व ज्वालाग्राही माल एकत्र भरू नये, तसेच मालाच्या स्वरूपाची माहिती अग्निशमन अधिकाऱ्यास तत्काळ मिळाली पाहिजे, हे दोन धडे या दुर्घटनेने दिले.

संघटना व प्रशिक्षण : दलाचे नेतृत्व मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे असते. त्याच्या हाताखाली उपप्रमुख, विभागीय व केंद्र अधिकारी, दुय्यम अधिकारी, प्रमुख अग्निशामक, यंत्रचालक व अग्निशामक अशी उतरंड असते. शहर व उपनगरे यांत मिळून तीसहून अधिक अग्निशमन केंद्रे असून, दाट वस्तीच्या भागांत लहान उपकेंद्रेही उभारण्यात आली आहेत. प्रत्येक केंद्रात जवान पाळीने सज्ज असतात आणि अनेक केंद्रांच्या आवारातच कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आहेत. प्रशिक्षणार्थींना शिड्या चढणे, नळ्या अंथरणे व जोडणे, दोर बांधून उतरणे, धुराने भरलेल्या खोलीत श्वसनयंत्र लावून वावरणे व प्रथमोपचार या गोष्टी शिकवितात. अधिकाऱ्यांच्या उच्च प्रशिक्षणासाठी केंद्र शासनाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाले व १९५७ मध्ये नागपूरला हलविण्यात आले. देशातील अनेक शहरांचे व उद्योगांचे अग्निशमन अधिकारी याच संस्थेतून तयार झाले आहेत.

वर्दी व प्रतिसाद : आगीच्या किंवा दुर्घटनेच्या सूचनेस दलाच्या परिभाषेत ‘वर्दी’ म्हणतात. ती १०१ या दूरध्वनी क्रमांकावर, ११२ या सामाईक क्रमांकावर अथवा महानगरपालिकेच्या आपत्कालीन व्यवस्थापन कक्षाच्या १९१६ या क्रमांकावर देता येते. नियंत्रण कक्षातील कर्मचारी जागेचा पत्ता, जवळची ठळक खूण, काय पेटले आहे, किती मजल्यांची इमारत आहे व कोणी आत अडकले आहे का, एवढी माहिती विचारून घेतो. जवळच्या केंद्रास सूचना मिळताच घंटा वाजते व काही क्षणांत बंब बाहेर पडतो. घटनास्थळी प्रथम पोहोचणारा अधिकारी पाहणी करून आगीची पातळी ठरवितो व ती नियंत्रण कक्षास कळवितो. पातळी जसजशी चढती, तसतशी आणखी केंद्रांतील बंब, पाण्याचे टँकर, शिड्यांची वाहने व वरिष्ठ अधिकारी पाठविले जातात. पोलीस, वीजपुरवठा कंपनी, पालिकेचे जलखाते, रुग्णवाहिका व रुग्णालये यांनाही त्याच वेळी कळविले जाते. घटनास्थळाचे नेतृत्व एकाच अधिकाऱ्याकडे असणे हा या साऱ्या व्यवस्थेचा गाभा होय. दोन अधिकारी निरनिराळे आदेश देऊ लागल्यास आत गेलेल्या जवानांचा हिशेब राहत नाही.

आग विझविण्याच्या पद्धती : ज्वलनासाठी इंधन, ऑक्सिजन व उष्णता यांची गरज असते आणि ज्वालेतील रासायनिक साखळी विक्रिया अखंड चालू राहावी लागते. यांपैकी कोणताही एक घटक काढून घेतल्यास आग विझते. लाकूड, कापड, कागद यांसारख्या घन पदार्थांच्या आगीवर पाणी हा सर्वांत स्वस्त व प्रभावी उपाय आहे. एक किग्रॅ. पाण्याची वाफ होताना सु. २,२६० किलोजूल उष्णता शोषली जाते. शिवाय वाफेचे आकारमान पाण्याच्या सु. १,७०० पट होत असल्याने ती जळणाऱ्या पदार्थाभोवतीची हवाही काही अंशी दूर सारते. या कारणाने पाण्याच्या सरळ धारेपेक्षा तुषारांचा उपयोग बंदिस्त खोलीत अधिक होतो. तुषारांचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ते लवकर तापून वाफ होतात. मात्र धार चुकीच्या दिशेने मारल्यास तीच तप्त वाफ व धूर अडकलेल्या माणसांकडे किंवा जवानांकडे ढकलला जातो.

पेट्रोल, केरोसीन यांसारख्या द्रवांच्या आगीवर पाणी टाकल्यास पेटता द्रव पाण्यावर तरंगत पसरतो. अशा आगीवर फेस पसरून हवेचा संपर्क तोडतात. स्वयंपाकाच्या वायूची गळती पेटली असेल, तर झडप बंद करता येत नाही तोवर ज्वाला विझवीत नाहीत. कारण ज्वाला विझून वायू साचत राहिला, तर नंतर होणारा स्फोट आगीपेक्षा घातक ठरतो. तोपर्यंत टाकीवर पाणी मारून ती थंड ठेवतात. विद्युत् उपकरणांच्या आगीत प्रथम वीज तोडतात व कार्बन डाय-ऑक्साइड अथवा कोरडी भुकटी वापरतात.

बंबावरील पंप टाकीतील, टँकरमधील किंवा रस्त्यावरील हायड्रंटमधील पाणी दाबाने नळ्यांत सोडतो. भारतात सर्वसाधारणपणे ६३ मिमी. व्यासाच्या नळ्या वापरतात. त्यांची टोके झटक्यात जोडता येतील अशा कड्यांची असतात. मुंबईतील जुन्या हायड्रंटांपैकी अनेक निकामी झाले किंवा रस्त्यांच्या थरांखाली गेले, त्यामुळे दलास पाण्यासाठी टँकरवर व इमारतींच्या स्वतःच्या साठ्यावर मोठ्या प्रमाणात विसंबावे लागते. चेंबूर–तुर्भे भागातील तेल व रसायन उद्योगांची स्वतःची अग्निशमन पथके असून मोठ्या दुर्घटनेत ती परस्परांच्या व महानगरपालिकेच्या मदतीस येतात.

धूर व शोधकार्य : आगीत दगावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू ज्वालांमुळे नव्हे, तर धुरामुळे होतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या पदार्थांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू बाहेर पडतो. रक्तातील हीमोग्लोबिनशी त्याची बंध साधण्याची क्षमता ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असते. परिणामी थोड्या प्रमाणातही तो शरीराचा ऑक्सिजनपुरवठा तोडतो. गाद्या व कोच यांत भरलेल्या कृत्रिम फेसाच्या ज्वलनातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही निर्माण होतो. म्हणून अग्निशामक श्वसनयंत्राशिवाय धुरात शिरत नाही. पाठीवरील टाकीत दाबाखाली भरलेली हवा असते. जड श्रम करताना ती अर्ध्या तासाच्या आसपासच पुरते आणि हवा कमी होताच इशारा देणारी शिटी वाजते. जवान एकेकट्याने न जाता जोडीने आत जातात, भिंतीचा आधार सोडत नाहीत व जमिनीलगत सरकतात, कारण तेथे हवा तुलनेने थंड व स्वच्छ असते. बंद खोलीच्या छताखाली साचलेल्या वायूंचे तापमान सु. ६००° से. पर्यंत गेले की खोलीतील सर्व वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. त्या अवस्थेत आत असलेला माणूस सहसा वाचत नाही. दार उघडण्यापूर्वी ते हाताच्या मागच्या बाजूने चाचपून पाहण्याची पद्धत याच धोक्यामुळे पडली.

या कामात अधिकाऱ्यांनाही मोल द्यावे लागते. ९ मे २०१५ रोजी काळबादेवी येथील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला लागलेली आग विझविताना इमारतीचा भाग कोसळला. तीत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. लाकडी तुळ्यांवर उभ्या असलेल्या अशा इमारतींत आगीने आधार कमकुवत होतात, त्यात वर मारलेल्या पाण्याचे वजन वाढते आणि बाहेरून काही न दिसता मजले खाली येतात. दक्षिण मुंबईत अशा इमारती आजही मोठ्या संख्येने आहेत.

उंच इमारती : शिड्यांच्या वाहनांची पोहोच मर्यादित असते. मुंबईच्या दलाकडे सु. ९० मी. उंचीपर्यंत जाणारी जलचलित उच्चालक वाहने आहेत. परंतु ती उभी करण्यास रुंद व भक्कम जागा लागते, आणि ती गल्ल्यांतून व दुतर्फा उभ्या केलेल्या मोटारींमधून सहसा मिळत नाही. त्यामुळे उंच इमारतीतील आग मुख्यतः आतूनच विझवावी लागते. त्यासाठी इमारतीतील उभे नळ, पंप, पाण्याच्या टाक्या, स्वयंचलित तुषारयंत्रणा, अग्निशमन उद्‌वाहक व धूर न शिरणारे जिने चालू स्थितीत असणे आवश्यक असते. २४ मी.पेक्षा उंच इमारतींत रहिवाशांना तात्पुरते थांबता यावे म्हणून आश्रयस्थानाची तरतूद करावी लागते. ही जागा बंदिस्त करून वापरात आणणे म्हणजे स्वतःच्याच सुटकेचा मार्ग बुजविणे होय. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ताजमहाल हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा गोळीबार चालू असतानाही दलाच्या जवानांनी शिड्या लावून खिडक्यांतून अनेक पाहुण्यांना खाली उतरविले.

अन्य विमोचनकार्य : दलाकडे येणाऱ्या वर्द्यांपैकी पुष्कळशा आगीच्या नसतात. पावसाळ्यात उन्मळून पडलेली झाडे, दरडी, समुद्रात वा नाल्यात वाहून गेलेली माणसे, अडकलेले उद्‌वाहक, वायुगळती, रस्त्यांवरील अपघात, एवढेच नव्हे तर मांजात गुंतलेले पक्षी यांसाठीही दल धावून जाते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला व शहराच्या मोठ्या भागात सुटकेचे काम करावे लागले. २०१७ मध्ये घाटकोपर व २०१९ मध्ये डोंगरी येथे कोसळलेल्या इमारती आणि १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर पडलेला प्रचंड जाहिरातफलक या दुर्घटनांत दलाने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासह काम केले. ढिगाऱ्यात काँक्रीट कापण्याची यंत्रे, जलदाबावर चालणारे पसरक, हवेने फुगणाऱ्या उचल-पिशव्या व आवाज टिपणारी साधने वापरतात. मधूनमधून सर्व यंत्रे बंद करून, सर्वांना गप्प राहण्यास सांगून आतून हाक येते का हे ऐकतात. अद्ययावत साधने आली तरी ही साधी पद्धत कायम आहे.

वैद्यकीय मदत : सुटका व उपचार यांचा संबंध अतिशय निकटचा आहे. ढिगाऱ्याखाली पाय किंवा मांडी तासन्‌तास चेंगरलेल्या व्यक्तीच्या स्नायूंचा नाश होऊन त्यांतील पोटॅशियम व मायोग्लोबिन तेथेच साचून राहतात. भार एकदम उचलल्यास ती द्रव्ये रक्तप्रवाहात येतात आणि शुद्धीवर असलेला, बोलणारा माणूस हृदय बंद पडून अथवा नंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू शकतो. म्हणून शक्य तेथे भार उचलण्यापूर्वीच शिरेतून द्रव देण्यास प्रारंभ करतात. त्यासाठी डॉक्टर ढिगाऱ्यापर्यंत पोहोचावा लागतो व त्याला तेथवर सुखरूप नेण्याचे काम अग्निशामकाचे असते. धुराने गुदमरलेल्यास शुद्ध ऑक्सिजन देणे हा पहिला उपचार होय. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनने ही क्रिया सु. एक ते दीड तासात घडते. भाजलेल्या भागावर सु. वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडणे हितकारक ठरते. बर्फ, तेल, शाई वा दंतमंजन लावल्याने जखम अधिक बिघडते.

दलाकडे रुग्णवाहिका असल्या, तरी शहरातील सर्वसाधारण रुग्णांची ने-आण हे त्याचे मुख्य काम नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाली. तिच्या प्रारंभीच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांनी सज्ज होत्या आणि प्रत्येकीत डॉक्टर असावा अशी योजना होती. मुंबईच्या गर्दीतून लवकर वाट काढता यावी म्हणून २०१७ मध्ये दुचाकी रुग्णवाहिकाही रस्त्यावर आणण्यात आल्या. अशा रीतीने मुंबईत आगीचा बंब व रुग्णवाहिका निरनिराळ्या व्यवस्थांतून निघतात व त्यांची गाठ घटनास्थळी पडते.

अन्य देशांतील पद्धती : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याउलट प्रथा आढळते. बेलफास्ट येथे फ्रँक पॅन्ट्रिज यांनी १९६६ मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांसाठी फिरते उपचार पथक सुरू केले. त्यानंतर अमेरिकेत अग्निशामकांनाच वैद्यकीय शिक्षण देण्याची कल्पना पुढे आली. सिॲटल येथे डॉ. लेनर्ड कॉब यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० मध्ये अग्निशमन दलाचे असे पथक कार्यरत झाले. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली शहराची रुग्णवाहिका सेवा अग्निशमन दलात विलीन करण्यात आली. आता तेथील दलांना येणाऱ्या हाकांपैकी निम्म्याहून अधिक वैद्यकीय मदतीच्या असतात व प्रत्यक्ष आगीच्या फारच थोड्या. जपानमध्ये ११९ या एकाच क्रमांकावर बंब व रुग्णवाहिका दोन्ही मिळतात आणि त्या अग्निशमन दलाच्याच असतात. ब्रिटनमध्ये मात्र रुग्णवाहिका सेवा राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे आहे.

एकत्रित पद्धतीमागील विचार वेळेच्या हिशेबाचा आहे. हृदयक्रिया अचानक थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. छातीवर दाब देणे व विद्युत् धक्का हे उपचार न मिळाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटास सु. सात ते दहा टक्क्यांनी घटते. अग्निशमन केंद्रे शहरभर विखुरलेली असल्यामुळे बंब बहुधा रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचतो. तथापि या पद्धतीत जवानांच्या प्रशिक्षणाचा खर्च वाढतो आणि वैद्यकीय वर्द्यांत गुंतलेला बंब आगीसाठी मोकळा राहत नाही. मुंबईसारख्या शहरात दल रुग्णवाहिका चालवो वा न चालवो, प्रत्येक बंबावर हृदय पुन्हा सुरू करण्याचे साधन व ते वापरू शकणारा जवान असणे हा कमी खर्चाचा मध्यममार्ग ठरू शकतो.

कायदा व प्रतिबंध : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याची अंमलबजावणी २००८ पासून होत आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर असून, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून त्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. प्रत्यक्षात अनेकदा कागद पूर्ण व पंप बंद अशी स्थिती आढळते. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांत लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाच्या आगीत १० अर्भकांचा अंत झाला. स्वतः हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत बंब कितीही लवकर आला तरी उशीरच होतो. तेथे धूरसूचक यंत्र व कक्षातील जागरूक परिचारिका हेच पहिले अग्निशमन दल ठरते.

नागरिकांचा सहभाग : दलाची परिणामकारकता बव्हंशी वर्दीपूर्वीच्या व वर्दीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांवर ठरते. आग दिसताच स्वतः विझविण्यात वेळ न दवडता प्रथम वर्दी देणे, पत्ता स्पष्ट सांगणे, उद्‌वाहक न वापरणे, धुरात वाकून चालणे, बाहेर पडताना दार लावून घेणे आणि बाहेर आल्यावर सामानासाठी पुन्हा आत न जाणे, हे नियम सर्वत्र सारखे आहेत. रस्त्यावरील अपघातात जखमीस मदत करणाऱ्याला कायदेशीर त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षणाची तरतूद करण्यात आली आहे. जिने सामानाने अडविणे, बंबाच्या वाटेत वाहने उभी करणे आणि खोट्या वर्द्या देणे यांमुळे वाया जाणारी मिनिटे दलाच्या कोणत्याही नव्या यंत्राने भरून निघत नाहीत.